खाडीच्या तोंडावरची भिंत

या, सरका इकडं. पाय पोटाशी घ्या आणि मध्ये मध्ये बोलू नका, नाहीतर मी सांगायची थांबेन. मला एकदा थांबल्यावर पुन्हा सुरू करता येत नाही.

तर फार वर उत्तरेला, जिथं हिवाळ्यात दुपारचं जेवण उरकतंय तोवर सूर्य मावळतो, तिथं एका खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाला राजा होता, धवलसेन त्याचं नाव. आता उत्तरेला म्हटल्यावर तुम्हाला वाटणार की बर्फच बर्फ असेल. पण तसं नव्हतं, आणि तीच तर गंमत आहे. ऐका.

समुद्राच्या पलीकडच्या अंगाला आणखी एक किनारा होता. तोही तेवढाच उत्तरेला, ना बोटभर वर ना बोटभर खाली. तिथं हिवाळा आला की समुद्र असा गोठायचा, की लोक त्यावरून बैलगाड्या हाकायचे. आणि इकडं? इकडं भर पौषात होड्या तरंगत होत्या, मेंढ्या बाहेर चरत होत्या, परसात कोबी हिरवागार. सूर्य दोन्हीकडे तोच, दिवसही तेवढाच. मग हे असं कसं, असं कुणी कधी विचारलं का? छे, नाव नको. मिळतंय ना, मग घ्या. तुमचे आजोबाही असेच आहेत.

त्या गावच्या लोकांना एक वेड होतं, बरं का. झाकायचं वेड. दूध तापलं की झाक. भाकरी भाजली की झाक. कोंबडीनं अंडं घातलं की लगेच वर टोपलं. म्हातारा माणूस उन्हात बसून उठला की त्याच्या पाठीवर दुलई टाकायचे, अंगातलं ऊन निघून जाईल म्हणून. लग्नात नवरीला आहेर काय, तर एकवीस झाकणं. आणि ज्या घरात भांडी उघडी दिसायची, त्या घरात कुणी मुलगी देत नसे.

त्या गावात मैनाजी नावाचा गवंडी होता. त्याची बायको गिरजा, आणि मुलगी आवडी, नऊ वर्षांची. आवडीचा सगळा दिवस 'का' विचारण्यात जायचा. मेंढीला लोकर का, माशाला पापणी का नाही, आपलीच खाडी कोमट का. गिरजा म्हणायची, या पोरीनं माझं डोकं खाल्लं. पण त्या वर्षी गिरजाला दिवस राहिले आणि आवडीचे प्रश्न जरा कमी झाले. तिच्या पाठीवर आधी दोन भावंडं झाली होती, ती राहिली नव्हती. म्हणून आता सगळं घर या बाळाकडं डोळे लावून बसलं होतं, आणि सगळ्यांत जास्त आवडी.

मग काय झालं, थंडी सरता सरता एका गार सकाळी राजा धवलसेन गच्चीवर दात घासत उभा होता. समोर बघतो तर समुद्रातून वाफ निघतेय. पांढरी, दाट, चुलीवरच्या आंघोळीच्या पाण्यातून निघते तशी. थंड हवेत कोमट पाण्यातून वाफ निघणारच, त्यात काय मोठं. रोज निघायची. पण राजानं ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. एवढा मोठा समुद्र, आणि उघडा! आपल्या राज्याची सगळी ऊब आभाळात चाललीय, आणि आपण इथं दात घासतोय.

मग दरबार भरला. समुद्रावर झाकण घालायचं कसं? एवढं मोठं झाकण घडवणार कोण आणि धरणार कोण? तीन दिवस खल झाला. शेवटी राजानंच तोड काढली. खाडीच्या दोन्ही बाजूंना डोंगर होते आणि खाडीचं तोंड होतं अगदी चिंचोळं. ते तोंड भिंत घालून बंद करायचं. वरून नाही तर नाही, निदान बाजूनं तरी झाकलं जाईल. आतलं कोमट पाणी आत राहील, आणि गावाला जन्मभर पुरेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मैनाजीला बोलावणं गेलं.

मैनाजीनं आजवर ओटे बांधले होते, हौद बांधले होते, फार तर एखादं देऊळ. आता राजा म्हणतोय समुद्रात भिंत बांध. त्याचे पाय जमिनीला लागेनात. पुढच्या थंडीच्या आत भिंत उभी करतो, असा शब्द देऊन तो घरी आला.

आवडीनं विचारलं, "आबा, पण मुळात आपलं पाणी कोमट कशानं होतं?"

मैनाजी म्हणाला, ते मला काय विचारतेस, मी गवंडी. शहाण्या माणसांना विचार.

मग आवडी शहाण्या माणसांना विचारायला निघाली.

पहिल्यांदा गेली राजपंडितांकडे. ते गादीवर रेलून सुपारी कातरत होते. म्हणाले, यात विचारायचं काय, महाराजांच्या पुण्याईनं समुद्र कोमट राहतो. आवडीनं मान हलवली आणि घरी आली. पण तिला आठवलं, की मागच्या माघात महाराज सोयऱ्यांकडं पलीकडच्या किनाऱ्यावर गेले होते. चांगले पंधरा दिवस राहिले होते. पुण्याई त्यांच्याबरोबरच गेली असणार ना? पण तिकडचा बर्फ काही वितळला नाही, आणि इकडची खाडी काही गोठली नाही. म्हणजे हे उत्तर काही खरं नव्हे.

दुसऱ्यांदा गेली राजवाड्यातल्या आचाऱ्याकडे. हा मोठा जाडजूड माणूस, मिशीला पीठ लागलेलं. त्यानं सांगितलं, अगं, पाणी तापतं कशानं? चुलीनं. समुद्राच्या तळाला चूल असणार. हे आवडीला पटल्यासारखं वाटलं. पण नुसतं वाटून काय उपयोग? तिनं एक लोटा घेतला, त्याला लांबलचक दोरी बांधली. लोट्यात दगड घातला, तोंडाला बूच लावलं आणि बुचाला दुसरी दोरी बांधली. होडीत बसून खाडीच्या मध्यावर गेली आणि लोटा खाली सोडला. लोटा तळाला टेकला, तिनं बुचाची दोरी ओढली, बुडबुड आवाज आला. मग लोटा वर ओढला आणि पाण्यात बोट घातलं. बोट बधिर झालं! तळाचं पाणी थंडगार, आणि वरचं कोमट. आता चुलीवरचं पातेलं आधी कुठून तापतं, सांगा बघू? खालून. म्हणजे चूलही नव्हे. आचाऱ्याला तिनं हे सांगितलं, तर तो म्हणाला, जा जा, मला मसाला वाटायचाय.

तिसऱ्यांदा ती गेली भागाआत्याकडे. भागाआत्या गावची सुईण. तोंडानं फटकळ, पण हाताला गुण होता. ती म्हणाली, "मला नाही माहीत, पोरी. पण तुला एक वस्तू दाखवते."

आणि तिनं कनवटीची पुरचुंडी सोडून गारंबीची बी काढली. गारंबी पाहिलीय का तुम्ही? चपटी, तांबूस काळी, मुठीत धरली तर मूठ भरून जाते. त्या गावात बाळंतिणीच्या हातात गारंबी द्यायची रीत होती. कळा आल्या की ती मुठीत घट्ट धरायची, म्हणजे सुटका लवकर होते म्हणे. भागाआत्यानं सांगितलं, माझ्या आजीला ही खाडीत सापडली. आजही दर वर्षी दोनचार सापडतात, लाटेबरोबर येतात. पण या बीचं झाड मी उभ्या जन्मात पाहिलं नाही, आणि माझ्या आजीनंही नाही.

आवडी ती बी हातात घेऊन किती तरी वेळ बसून राहिली. नखानं टकटक केलं, वास घेतला, कानाशी हलवून पाहिली. झाड इथं नाही. पलीकडच्या बर्फाळ किनाऱ्यावर तर नाहीच नाही. म्हणजे ही लांबून आली, कुठल्या तरी गरम मुलखातून. आणि ही काही पोहत आली नाही. हिला पाण्यानं आणलं. मग जे पाणी हिला आणतं, तेच पाणी ऊबही आणत असेल तर?

ती धावत सुटली ती थेट भिंतीपाशी. तोवर भिंत दोन्ही डोंगरांकडून पाण्याच्या वर कमरेएवढी आली होती, मधली वाट तेवढी उघडी होती. तिनं आबांना सगळं सांगितलं. ऊब आपली नाहीच आबा, ती बाहेरून येते, तुम्ही तिच्या वाटेवर भिंत घालताय. मैनाजीनं ऐकून घेतलं. महाराजांना सांगतो म्हणाला. आणि सांगितलं नाही. का नाही सांगितलं? अरे, भिंत फार सुरेख होत होती. दगडाला दगड असा बसला होता, की मध्ये सुई जाणार नाही. हातचं असं काम मोडायला कुणाला आवडेल?

झालं. भिंत पुरी झाली. राजानं नारळ फोडला, वाजंत्री वाजली, आणि त्याच दिवशी गिरजानं गारंबी मुठीत धरली आणि बाळ जन्माला आलं. एवढंसं, ओंजळीत मावेल असं. आवडीनं त्याची बोटं तीन तीनदा मोजली.

पहिले आठ दिवस खाडी कोमट राहिली. राजा खूश. पंधराव्या दिवशी काठाला काचेसारखा पापुद्रा दिसला. महिना भरायच्या आत सगळी खाडी गोठली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. होड्या जागच्या जागी अडकल्या. कोबी काळा पडला. आणि त्या गावात घरं कशी होती? पातळ फळ्यांची. कधी थंडी पाहिलीच नव्हती, तर जाड भिंती बांधणार कोण? सरपण हां हां म्हणता संपलं. लोकांनी पलंग जाळले, पाट जाळले, आणि शेवटी आहेरातली एकवीसच्या एकवीस लाकडी झाकणंही चुलीत घातली.

राजा म्हणाला, कुठं तरी फट राहिली असणार, ऊब तिथून गळतेय. मग भिंतीला चुना लावला. थंडी वाढली. मग डांबर लावलं. थंडी आणखी वाढली. मग गावातली होती नव्हती ती लोकर भिंतीच्या सांध्यांत कोंबली. आता थंडी अशी पडली, की बोलताना दातावर दात आपटायचे.

आणि बाळ रडायचं थांबलं. आधी रडायचं, मग नुसतं कण्हायचं, मग तेही नाही. गिरजानं त्याला छातीशी धरून चार गोधड्या घेतल्या, तरी त्याचे पाय गारच. भागाआत्या आली, पायांना हात लावला, आणि आवडीसमोरच बोलली. याला आजार नाही काही, याला ऊब हवी. आणखी चार दिवस असेच गेले, तर माझ्या हातात काही नाही.

आवडी ते ऐकून उठलीच. घाबरू नका रे, पुढं ऐका.

ती तशीच बाहेर पडली. भर दुपार होती. गोठलेल्या खाडीवरून घसरत, पडत, उठत ती भिंतीपाशी गेली. आबांनी केलेल्या पायऱ्यांनी वर चढली, पलीकडच्या पायऱ्यांनी खाली उतरली. आणि बघते तर काय, बाहेरचा समुद्र मजेत हलतोय. बर्फाचा तुकडा नाही. वाफा निघताहेत. तिनं हात बुडवला, तर पाणी कोमट.

तेवढ्यात पाण्यातून एक बाई वर आली. हिरवं लुगडं, गाल उन्हानं रापलेले, डोक्यावर तांब्याचं घंगाळ, आणि घंगाळातून वाफ येतेय. चांगलीच रागावलेली होती. दार वाजवून वाजवून दमलेल्या पाहुणीसारखी ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "रोज येते आणि रोज परत फिरते. माझी वाट कुणी अडवली गं?"

आवडीनं मान खाली घातली. म्हणाली, माझ्या आबांनी. मग तिनं हळूच विचारलं, तुम्ही कोण? आणि कुठून येता? आणि का येता? सवयच ना तिला.

बाई जराशी हसली. तिनं घंगाळ खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. ती होती समुद्रातली ऊनबाई. म्हणजे समुद्राच्याच पोटातून वाहणारी एक नदी समजा, पण कोमट पाण्याची. ती यायची दूर दक्षिणेहून, जिथं वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही. तिथं ती तापायची आणि मग चालू लागायची. वारा तिला ढकलत ढकलत याच काठाला आणायचा. पलीकडच्या काठानं मात्र उत्तरेचं बर्फाळ पाणी खाली उतरायचं, म्हणून तिकडचे लोक गारठायचे. इकडं आली की तिच्या घंगाळातली ऊब वारा उचलायचा आणि घराघरात नेऊन टाकायचा. देता देता ती गार व्हायची, जड व्हायची, मग तळाला बसायची आणि तळातूनच हळूहळू माघारी जायची, पुन्हा तापायला. आवडीच्या लोट्यात आलं होतं ना, ते थंडगार पाणी? ते तिचंच, परत निघालेलं.

आवडीनं विचारलं, "मग या भिंतीवरून उडी मारून नाही का येता येणार? आमचं बाळ फार गार पडलंय."

"मी पाणी आहे, पोरी," ऊनबाई म्हणाली. "मला वाट लागते. वाट दे, लगेच येते." आणि घंगाळ उचलून ती पाण्यात गेली.

मग आवडीनं काय केलं, दोन लोटे घेतले. एक भरला बाहेरच्या पाण्यानं. दुसरा भरला आतल्या पाण्यानं, बर्फाला भोक पाडून. आणि थेट दरबारात गेली. राजा पाच शाली पांघरून बसला होता, नाक लाल झालं होतं. तिनं सांगितलं, महाराज, एक हात यात घाला, एक त्यात.

राजानं हात घातले. एक हात झटकन बाहेर काढला. दुसरा मात्र तसाच राहू दिला, बरं वाटत होतं ना त्याला. मग त्याला कळलं, की कोमट पाणी बाहेरचं आहे, आणि तो ओरडला की बघा, माझी ऊब बाहेर गळली, आणखी चुना लावा!

आवडी म्हणाली, "महाराज, बाहेरच्या समुद्राला झाकण कुठं आहे?"

पंडितांनी तोंड उघडलं, राजानं हातानंच त्यांना थांबवलं.

आवडी घाबरली होती, पण बोलत राहिली. "झाकलेलं दूधसुद्धा सकाळपर्यंत गार होतं, महाराज. खाली चूल हवी. आपली चूल लांब दक्षिणेला आहे, आणि ऊब तिथून रोज चालत येते. आपण तिला दारातच अडवलं."

राजाचा हात अजून त्या लोट्यातच होता. तेव्हा मागून मैनाजी पुढं आला. त्याचा चेहरा उतरला होता. हात जोडून म्हणाला, "चूक माझी आहे, महाराज. पोरीनं मला उन्हाळ्यातच सांगितलं होतं. माझी भिंत चांगली होत होती, म्हणून मी गप्प बसलो."

एवढं बोलून तो थांबलाही नाही. हुकमाची वाट न बघता खांद्यावर घण टाकून निघाला. राजाचे शिपाई पुढं झाले, तर राजा म्हणाला, जाऊ द्या. मग राजाच उठला, पाचही शाली काढून ठेवल्या, आणि पहार मागितली.

भिंत कुठून सुटेल हे मैनाजीला ठाऊक होतं, त्यानंच तर बांधली होती. पहिला दगड निघता निघेना. त्यानं घण घातला, आणि घालताना रडला. रडायचंच होतं त्याला. महिनोन् महिने राबून केलेलं काम होतं ते, आणि घरी बाळ तसं पडलेलं. पहिल्या दिवशी हातभर फट पडली आणि पाणी सळसळत आत आलं. दुसऱ्या दिवशी सगळा गाव आला, बायकासुद्धा, आणि बर्फ असा कडाडला की मेंढ्या पळत सुटल्या. तिसऱ्या दिवशी मधली सगळी भिंत कोसळली. सकाळी सकाळी समुद्रावरून वारा आला, मऊ, ओलसर, आणि घराघरात शिरला. छपरांवरून पाणी ठिबकायला लागलं.

गिरजा बाळाला घेऊन बसली होती. आवडी बाळाचे पाय चोळत होती. चोळता चोळता तिला वाटलं, अंगठा हलला. मग पाय हलला. मग बाळानं तोंड वाकडं केलं, लाल लाल झालं, आणि असं भोकाड पसरलं, असं पसरलं, की शेजारच्या चार घरांतली माणसं धावत आली. गिरजा हसत होती आणि रडत होती. भागाआत्या म्हणाली, रडू दे, चांगलं पोटभर रडू दे. मैनाजी दारात उभा होता. त्याला आत यायला धीर होईना, तर आवडीनंच त्याला हाताला धरून आत आणलं आणि बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

पोटभर दूध पिऊन बाळ निजलं. तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं. बघतात तर राजा धवलसेन. हाताला फोड आलेले, कपड्यांना चिखल. इतके दिवस भिंत, चुना, डांबर असंच त्याच्या तोंडी होतं. आता उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं विचारलं, "आवडी, मुलगा की मुलगी?"

"मुलगी, महाराज," आवडी म्हणाली. "पण हळू बोला. आत्ताच झोपलीय."

आणि राजा चवड्यांवर चालत परत गेला.

तर ते बाळ मोठं झालं, गाव नांदलं, आणि ऊनबाई अजूनही येते, खाडीत फिरते, गार होते नि परत जाते. आता डोळे मिटा. जो कुणी आणखी एक प्रश्न विचारेल, त्याला सकाळी गायीचं शेण काढायला लावीन. झोपा.